हप्ता किती हे विचारण्याआधी: घरखर्च आणि शाळेतलं 'फलन'

दहावीच्या वर्गात दोन चलांतील रेषीय समीकरणं शिकवत होते. फळ्यावर क्ष आणि य मांडून झाले, आलेख काढून झाला, दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदूही सापडला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "टीचर, अम्मीला शिलाई मशीन घ्यायचंय. दुकानदार म्हणतो महिना सोळाशे पन्नास. घ्यायचं की नाही? यात क्ष कुठला?"

वर्ग हसला. खरं सांगायचं तर मलाही आधी हसू आलं. मग तिला सगळं विचारून घेतलं. अम्मी घरी नाइटी शिवतात, मशीन पायाने चालवायचं, जुनं. मोटारचं नवं मशीन रोखीने १८,००० रुपयांना. हप्त्यावर घेतलं तर आधी २,००० भरायचे आणि पुढे महिन्याला १,६५० असे १२ हप्ते. घरात चार दिवस एकच चर्चा चालली होती: महिन्याला १,६५० रुपये जमतील की नाही?

हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. आपल्या समाजात आणि एकूणच कष्टकरी घरांत मोठ्या खर्चाचे निर्णय बहुतेक असेच होतात. हप्ता किती? जमेल ना? मग घेऊन टाका. मशीन घ्यावं की नाही हे ठरवायला लागणारं गणित त्या मुलीच्या वहीत त्याच दिवशी लिहिलेलं होतं. फक्त त्या वहीचा आणि घराचा संबंध आहे हे आम्ही शिक्षकांनी तिला कधी नीट दाखवलं नव्हतं. हा लेख त्याचसाठी आहे. मशीनच्या हिशेबाकडे शेवटी येऊ. आधी साध्या गोष्टी पाहू.

फलन म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला फंक्शन म्हणतात त्याला मराठीत फलन म्हणतात आणि उर्दू पुस्तकांत तफाउल. हा शब्द मुलांना बहुधा अकरावीत नीट भेटतो आणि भेटतो तेव्हा घाबरवतो. पण वस्तू ओळखीची आहे.

पिठाची गिरणी डोळ्यासमोर आणा. दळणाचा दर समजा किलोला ८ रुपये आहे. तुम्ही ५ किलो गहू दिले तर ४० रुपये, १० किलो दिले तर ८० रुपये. आत एक आकडा जातो (किलो), एक ठरलेला नियम लागू होतो (गुणिले ८), बाहेर एक आकडा येतो (रुपये). किलोला क्ष म्हटलं तर खर्च = ८ × क्ष. हेच फलन.

अट एकच. आत जाणाऱ्या एका आकड्यासाठी बाहेर एकच आकडा आला पाहिजे. ५ किलोचे तुमच्याकडून ४० आणि शेजारणीकडून ५० घेतले, तर तिथे काहीतरी वेगळं चालू आहे. कदाचित तिचं दळण डाळीचं असेल, म्हणजे नियमाला किलोबरोबर धान्याचा प्रकारही लागतो. आठवडी बाजारात सकाळचा टोमॅटो आणि संध्याकाळचा टोमॅटो एका भावाने मिळत नाही, कारण तिथे वजनाबरोबर वेळही मोजली जाते. मुलांना हे सांगितलं की ती स्वतःच उदाहरणं शोधू लागतात: "टीचर, शेअर रिक्षात मधे कुठेही उतरलं तरी सीटचे तेवढेच पैसे!" बरोबर. तेही फलनच. आत कोणतंही अंतर घाला, बाहेर तोच आकडा. त्याचा आलेख आडवी सरळ रेषा.

गणित आणि बाजार हे दोन वेगळे विषय आहेत ही समजूतच नवी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मी यांनी ज्या ग्रंथात अल्-जब्र मांडलं, त्यात वारसाहक्काच्या वाटण्या, व्यापार आणि जमिनीची मोजणी यांची उदाहरणं आहेत. वारसाच्या वाटण्यांचा तर भला मोठा भाग आहे. 'अल्जिब्रा' हा शब्द त्याच 'अल्-जब्र'वरून आला.

न वापरताही लागणारा खर्च

गिरणीत शून्य किलो नेले तर खर्च शून्य. पण बहुतेक खर्च असे नसतात. आमच्या शाळेच्या सहलीचं उदाहरण घेते.

बसचं भाडं १२,००० रुपये. मुलं ३० येवोत की ५०, भाडं तेवढंच. हा स्थिर खर्च. नाश्ता, जेवण आणि तिकीट मिळून प्रत्येक मुलामागे १८० रुपये. हा बदलता खर्च. मुलांची संख्या क्ष धरली तर:

एकूण खर्च = १२,००० + १८० × क्ष

४० मुलं आली तर एकूण १९,२०० रुपये, म्हणजे मुलामागे ४८०. ५० आली तर एकूण २१,००० रुपये, म्हणजे मुलामागे ४२०. एकूण खर्च वाढला, पण माणशी खर्च कमी झाला. स्थिर खर्च जास्त लोकांत वाटला गेला की असं होतं. मोठ्या दावतीत देगचं भाडं आणि बावर्चीची मजुरी अशीच वाटली जाते.

आता खरा प्रश्न. आम्ही वर्गणी ४५० रुपये ठरवली. दरवर्षी तीन-चार मुलं अशी असतात की ती "मला नाही यायचं" म्हणतात आणि खाली बघतात. कारण सगळ्यांना माहीत असतं. मी हा हिशेब वर्गातच मांडला, कोणाचंही नाव न घेता. ५० मुलांचा खर्च २१,००० रुपये. ४५० च्या हिशेबाने ४७ मुलांनी पैसे भरले तर २१,१५० जमतात. म्हणजे ३ मुलं एकही पैसा न भरता येऊ शकतात, आणि तरी १५० रुपये उरतात. ४६ जणांनी भरले तर मात्र २०,७०० जमतात, ३०० कमी पडतात.

त्या वर्षी ३ जागा गुपचूप भरल्या गेल्या. कोणाकडे मदत मागावी लागली नाही. मुलांना समजलं की सूत्र फक्त परीक्षेत गुण देत नाही, ते बसमध्ये किती जागा मोकळ्या ठेवता येतील हेही सांगतं.

रिक्षाच्या मीटरचं गुपित

मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं. त्यात पहिले १.५ किलोमीटर येतात, पुढे प्रत्येक किलोमीटरला १७.१४ रुपये. मी मुलांना विचारलं, यातला स्थिर खर्च किती? सगळ्यांनी सांगितलं, २६.

मग म्हटलं, १७.१४ ला १.५ ने गुणा. उत्तर आलं २५.७१. रुपयात पूर्ण केलं की २६! त्याआधीचा दर होता २३ रुपये आणि पुढे १५.३३. १५.३३ गुणिले १.५ म्हणजे २२.९९५, जवळजवळ २३. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा दर ३१ आणि पुढे २०.६६. गुणाकार केला की ३०.९९.

म्हणजे २६ रुपये ही रिक्षात पाय ठेवण्याची वेगळी फी नाही. ते दीड किलोमीटरचे नेहमीच्याच दराने झालेले पैसे आहेत. फक्त दीड किलोमीटरपेक्षा कमी गेलात तरी ते सोडले जात नाहीत. आलेख काढला तर रेषा आधी आडवी चालते आणि १.५ च्या पुढे चढू लागते. अशा फलनाचे दोन तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा नियम वेगळा.

याचा व्यवहारात अर्थ काय? अर्ध्या किलोमीटरसाठी रिक्षा केली तर २६ रुपये, म्हणजे किलोमीटरमागे ५२ रुपयांचा दर पडला. ४ किलोमीटर गेलात तर साधारण ६९ रुपये, म्हणजे किलोमीटरमागे सव्वासतराच्या आसपास. जवळच्या अंतराला रिक्षा महाग का वाटते, त्याचं कारण त्या आडव्या रेषेत आहे. रात्री १२ ते पहाटे ५ मध्ये २५ टक्के जादा लागतात, तेव्हा सगळ्या भाड्याला १.२५ ने गुणायचं. इथे नियमात अंतराबरोबर घड्याळही आलं.

लाइट बिल आणि स्लॅबची भीती

"शंभर युनिटच्या वर गेलं की सगळं बिल महाग होतं." हे वाक्य मी पालकसभेत शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकलंय. ते खरं नाही.

महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, मग ३०१ ते ५०० आणि त्यापुढे आणखी वेगळा, असे टप्पे असतात. दर बदलत राहतात, म्हणून समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. पहिल्या १०० ला ५ रुपये, पुढे १० रुपये. ११० युनिट जळले तर बिल ११० × १० = १,१०० होत नाही. पहिल्या १०० चे ५००, वरच्या फक्त १० युनिटचे १००, एकूण ६००. वरचा दर वरच्या युनिटनाच लागतो.

शिवाय बिलात 'स्थिर आकार' असतो. घराला कुलूप लावून महिनाभर गावी गेलात, एकही युनिट जळलं नाही, तरी तो येतो. सहलीच्या बसभाड्यासारखाच.

हे माहीत असण्याची गरज सगळ्यात जास्त भाडेकरूंना आहे. अनेक ठिकाणी घरमालक सब-मीटर लावतो आणि सरसकट एकच दर घेतो. समजा युनिटला ८ रुपये. वरचेच गोल आकडे ठेवून तुलना करू, स्थिर आकार बाजूला ठेवू. ११० युनिटला मालकाला ८८० द्यावे लागतील, स्वतःचं मीटर असतं तर ६००. दोन्ही सारखे कधी होतील? स्लॅबचं बिल = ५०० + १० × (युनिट − १००), मालकाचं बिल = ८ × युनिट. हे समीकरण सोडवलं की उत्तर येतं २५० युनिट, दोन्हीकडे २,००० रुपये. त्याखालच्या प्रत्येक वापराला भाडेकरू जास्त भरतोय. मालकाचीही बाजू असते. एका मीटरवर चार घरं असली की त्याचं बिल वरच्या स्लॅबला जातं. पण बसून बोलायचं तर हातात कागद हवा. 'तुम्ही जास्त घेता' म्हटलं की भांडण होतं. खरं बिल समोर ठेवून हिशेब मांडला तर बोलणं होऊ शकतं.

हे शिकवताना एका मुलाने विचारलं, "मग जकातही निसाबच्या वरच्या रकमेवरच?" नाही. तिथला नियम वेगळा आहे. निसाबपेक्षा कमी असेल तर शून्य, पण निसाब पूर्ण झाला आणि अटी लागू झाल्या की जकातपात्र सगळ्या रकमेवर अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा हिस्सा. लाइट बिलाची रेषा वळते पण तुटत नाही, ही रेषा मात्र एका ठिकाणी उडी मारते. मसल्यांचा तपशील उलेमांना विचारावा, पण 'दर कशावर लागतो, सगळ्यावर की वरच्या भागावर' हा प्रश्न दोन्हीकडे विचारायचाच असतो.

आता त्या मशीनकडे

मुलीला मी फळ्याजवळ बोलावलं. पहिली ओळ तिनेच लिहिली:

भरलेली रक्कम = २,००० + १,६५० × महिने

१२ महिन्यांनी २१,८००. रोख किंमत १८,०००. म्हणजे ३,८०० जास्त. दुकानदाराने 'व्याज' हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. आणि हे ३,८०० पडतात १६,००० च्या उधारीवर. तेही वर्षभर पूर्ण आपल्याकडे राहत नाहीत, दर महिन्याला कमी होत जातात.

पण जास्त महत्त्वाचा हिशेब दुसरा होता. एका नाइटीची शिलाई २५ रुपये. दोरा, लेस आणि माल आणण्या-नेण्याचे ५ गेले की उरतात २०. जुन्या मशीनवर अम्मी दिवसाला ५ पीस काढतात, महिन्याचे २५ दिवस धरले तर १२५ पीस. नव्यावर ९ निघतील, म्हणजे २२५ पीस. मोटारचं लाइट बिल सोपेपणासाठी सोडून दिलं.

जुनं मशीन: हातात = २० × पीस
नवं मशीन: हातात = २० × पीस − १,६५०

जुन्यावर १२५ पीसचे २,५०० मिळतात. नव्यावर २२५ पीसचे ४,५००, त्यातून हप्ता गेला की २,८५०. १०० पीस जास्त शिवून हातात फक्त ३५० रुपये जास्त! वर्ग एकदम गप्प झाला.

मग मी विचारलं, एखाद्या महिन्यात माल कमी आला तर? १०० पीसच मिळाले तर? जुन्यावर २,०००. नव्यावर ३५०. हप्त्याला माल आला की नाही याच्याशी काही देणंघेणं नसतं.

नुसता हप्ता फेडायला किती पीस जास्त शिवावे लागतील? १,६५० भागिले २०, म्हणजे ८२.५. अर्धी नाइटी कोणी घेत नाही, म्हणून ८३. आजचे १२५ आणि वर ८३, एकूण २०८. आता घरात विचारायचा प्रश्न बदलला. '१,६५० जमतील का?' याऐवजी 'दर महिन्याला २०८ पीसचा माल नक्की मिळेल का?'

हा प्रश्न अम्मींनी माल देणाऱ्याला विचारला. तो म्हणाला, रमजानच्या आधी हवा तेवढा देतो, ईदनंतरचं काही सांगू शकत नाही. उत्तर मिळालं.

मशीन वाईट नव्हतं. हप्ते संपल्यावर त्याच मशीनवर २२५ पीसचे पूर्ण ४,५०० हातात येणार होते. फक्त ते पहिलं वर्ष त्या घराला झेपणारं नव्हतं. अम्मी १५ जणींच्या भिशीत होत्या, महिना १,०००. चार महिन्यांनी त्यांचा नंबर लागला, १५,००० मिळाले. त्यात साठवलेले ३,००० घालून मशीन रोखीने आणलं. भिशीचे उरलेले हप्ते भरायचे होतेच, पण ते त्या आधीपासून भरत होत्या आणि त्यात एक रुपयाही वाढ नव्हती.

सूत्र सगळं सांगत नाही, हेही मी मुलांना सांगते. पाठ दुखते, मशीन बिघडतं, दोऱ्याचा भाव वाढतो, मूल आजारी पडतं. म्हणून आकडे बदलून पुन्हा हिशेब करायचा असतो. २० च्या जागी १८ घातले तर ८३ चे ९२ होतात. सूत्र लिहिलेलं असेल तर हे एका मिनिटाचं काम आहे.

घरी कसं कराल?

पालकांना आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींना विनंती आहे. मुलाला आठवड्यातून एकदा घरातलं एक बिल किंवा एक खर्च द्या. लाइट, गॅस, मोबाइलचा रिचार्ज, ट्यूशनची फी, रेल्वेचा पास, काहीही चालेल. त्याला तीन गोष्टी शोधायला सांगा.

१. काहीच वापरलं नाही तरी किती द्यावे लागतात?
२. प्रत्येक युनिटमागे, किलोमागे, फेरीमागे किंवा महिन्यामागे किती वाढतात?
३. नियम मधेच कुठे बदलतो का? बदलला तर नवा दर कशावर लागतो?

मग चार-पाच आकडे घालून तक्ता करायचा, तक्त्यावरून सूत्र, सूत्रावरून आलेख. दोन पर्याय असतील तर दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढायच्या आणि त्या कुठे छेदतात ते पाहायचं. दहावीच्या बीजगणिताचं पहिलं प्रकरण हेच आहे. फक्त पुस्तकात दोन समीकरणं आयती दिलेली असतात. ती घरातल्या बिलावरून स्वतः तयार करायला शिकणं हा निम्मा धडा आहे, आणि तो आपण बहुतेक वेळा वगळतो.

मुलाचं इंग्रजी कच्चं असलं किंवा आईवडील शाळेत गेलेले नसले तरी यात काही अडत नाही. त्या मुलीच्या अम्मींना क्ष माहीत नाही, पण एका पीसमागे २० उरतात हे त्यांनीच मुलीला सांगितलं होतं. मुलीने ते फक्त ओळीत मांडलं.

या महिन्याचं लाइट बिल आलं की ते भरून फाइलमध्ये टाकण्याआधी मुलांसमोर ठेवा आणि विचारा, "आपण महिनाभर घरी नसतो तर हे किती आलं असतं?" उत्तर शोधायला त्यांना बिलाची प्रत्येक ओळ वाचावी लागेल.